संगणकीय टिपणे, विद्यार्थ्यांची

व्याख्यान, पाठ्यग्रंथ वा क्षेत्रभेट यांतील ग्राह्य भाग निवडून तो संगणक, टॅबलेट किंवा मोबाइल यांच्या साहाय्याने उतरविण्याची, वर्गवारीने लावण्याची आणि हवा तेव्हा शोधून काढण्याची पद्धती. गूगल डॉक्स, गूगल कीप, वननोट, एव्हरनोट ही तिची प्रचलित साधने होत. निवड हा टिपणाचा प्राण असल्यामुळे फळ्याचे छायाचित्र घेणे किंवा व्याख्यानाचे ध्वनिमुद्रण करणे ही नुसती नक्कल होय; टिपणाचे काम तिच्यानंतर सुरू होते.

सेंट जोसेफ (१८९५), संजीवन (१९२२), न्यू एरा (१९४५) इत्यादी निवासी शाळांमुळे विद्यानगरी म्हणून ख्याती पावलेल्या पाचगणीत या पद्धतीचा विचार वसतिगृहाच्या दिनक्रमापासून तोडून करता येत नाही. निवासी शिस्तीत उपकरणे सहसा ठरलेल्या वेळीच हाती मिळत असल्यामुळे वर्गात वहीवर घेतलेले टाचण सायंकाळी ‘प्रेप’च्या म्हणजे स्वाध्यायाच्या तासात यंत्रावर चढविणे तेथे स्वाभाविक ठरते, आणि ही अडचण वस्तुतः लाभाचीच म्हटली पाहिजे, कारण दुसऱ्यांदा लिहिताना विद्यार्थ्याला मजकुराची छाननी करावीच लागते. म्यूलर व ओपनहायमर यांच्या २०१४ मधील अमेरिकी प्रयोगांत कळफलकावर लिहिणारे विद्यार्थी व्याख्यान शब्दशः उतरवितात व आशयाच्या प्रश्नांत मागे पडतात असे दिसले. पुढील पडताळण्यांत हा परिणाम तितक्या ठामपणे आढळला नाही, तरी शब्दशः उतरवून घेण्याच्या सवयीबद्दल दिलेला इशारा ग्राह्य आहे.

वहीपेक्षा यंत्राचे खरे श्रेष्ठत्व शोधात आहे, आणि मराठी टिपणांची खरी अडचणही तेथेच. ‘शिवाजी’सारख्या जुन्या फाँटांत टंकलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसला, तरी यंत्राच्या दप्तरी तो रोमन अक्षरांच्या भलत्याच जुळणीने रुजू झालेला असतो, त्यामुळे तो धड शोधता येत नाही आणि दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी पडदावाचकालाही धड वाचता येत नाही. म्हणून टिपण युनिकोडमध्येच असावे. तेवढ्यानेही सर्व निभावते असे नाही. पाचगणीच्या टेबललँड या पठारावर क्षेत्रभेटीस गेलेल्या विद्यार्थ्याने जांभ्याचे पठार, त्याखालचा बेसाल्ट आणि कृष्णेच्या खोऱ्यातील दऱ्या यांची नोंद केली, असे समजा. ‘दऱ्या’तील अर्धा र नेहमीच्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह देऊन साठविता येतो, तसाच ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाला हलन्त देऊनही. डोळ्यांना दोन्ही रूपे एकच, पण पुष्कळ शोधयंत्रांना भिन्न. शाळेतील संगणकावर एका रीतीने लिहिलेला ‘दऱ्या’ हा शब्द मोबाइलवरून दुसऱ्या रीतीने शोधल्यास सापडत नाही, आणि विद्यार्थी आपलेच टिपण हरवले असे समजतो. अशा शब्दांऐवजी ‘जांभा’, ‘पठार’ असे निर्धोक शब्द शीर्षकात घालणे हा साधा, पण हमखास उपाय होय.

लेखनासाठी १९८६ मध्ये प्रमाणित झालेली, डाव्या हाताला स्वर व उजव्या हाताला व्यंजने देणारी इन्स्क्रिप्ट रचना शास्त्रशुद्ध आहे. परंतु विद्यार्थी बहुधा रोमन उच्चारानुसारी टंकनच पत्करतात, यात त्यांच्या आळसापेक्षा इन्स्क्रिप्ट शिकविली न जाण्याचा दोष अधिक. २०१७ पासून गूगलच्या श्रुतलेखनात मराठीचा समावेश झाला. त्याने गती येते, पण विरामचिन्हे व पारिभाषिक संज्ञा हाताने तपासाव्याच लागतात. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत मराठीसारखे मोजके विषयच देवनागरीत असल्याने टिपणांच्या संग्रहात दोन लिप्यांची सरमिसळ होते. तेथे विषय, इयत्ता व दिनांक हा शीर्षकाचा एकच क्रम ठरवून तो वर्षभर पाळणे इष्ट.

पाचगणीहून पसरणीचा घाट उतरल्यावर लागणाऱ्या वाईत ज्या मराठी विश्वकोशाचे संपादन तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली झाले व ज्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, त्याच्या नोंदी आज आंतरजालावर शोधता येतात. तेथून मजकूर उचलून टिपणात चिकटविणे सोपे झाले आहे; म्हणून उतारा व स्वतःचे वाक्य यांत दृश्य भेद ठेवणे आणि नोंदीचे नाव लगेच खाली लिहिणे, ही शिस्त शिक्षकाने प्रारंभीच लावावी.

टिपणे शाळेने दिलेल्या खात्यात ठेवली असल्यास शाळा सोडल्यावर ते खाते बंद होण्याचा संभव असतो. यास्तव शेवटचे सत्र संपण्यापूर्वी सर्व टिपणांची एक प्रत साध्या मजकुराच्या स्वरूपात स्वतःच्या ताब्यात उतरवून घ्यावी. आकृत्या व छायाचित्रे त्या प्रतीत येत नाहीत, ती वेगळी जतन करावी लागतात.