एन-किरण आणि दुसऱ्याची नजर

संशोधक सचोटीचा असला की त्याचे निष्कर्षही विश्वसनीय असतात, असे आपण सहज धरून चालतो. एन-किरणांचा इतिहास या समजुतीला छेद देतो.

१९०३ साली फ्रान्समधील नान्सी येथील नामवंत भौतिकशास्त्रज्ञ रने ब्लोंदलो यांनी एका नव्या किरणाचा शोध जाहीर केला. क्ष-किरणांचा शोध (१८९५) ताजाच होता. आणखी एखादा किरण सापडणे कोणालाच अशक्य वाटत नव्हते. नान्सी शहराच्या आद्याक्षरावरून त्याला ‘एन-किरण’ हे नाव मिळाले. पुरावा मात्र नाजूक होता. अंधाऱ्या खोलीत मंद ठिणगीचे तेज किंचित वाढल्याचे नुसत्या डोळ्यांनी टिपायचे. फ्रान्समधील अनेकांना ते दिसले; इंग्लंड-जर्मनीतील कित्येकांना दिसेना.

१९०४ साली अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड नान्सीला गेले. प्रयोग चालू असताना, अंधाराचा फायदा घेऊन, त्यांनी यंत्रातील ॲल्युमिनियमचा लोलक गुपचूप काढून घेतला. किरणांना वळवणारा लोलकच जागेवर नव्हता, तरी निरीक्षणे पूर्वीसारखीच सांगितली जात राहिली! वुड यांचे पत्र ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले आणि एन-किरणांवरचा विश्वास ओसरला.

ब्लोंदलो यांना लबाड ठरवून ही कथा संपवणे सोपे आहे; पण ते लबाड नव्हते. जे दिसावे असे वाटत होते, तेच त्यांना दिसत होते. आजची उपकरणे बदलली, तरी हा धोका टळलेला नाही. २०१५ साली ‘सायन्स’ नियतकालिकात मानसशास्त्रातील १०० अभ्यासांच्या पुनरावृत्तीचा अहवाल आला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय परिणाम होता. पुनरावृत्तीत तो ३६ टक्क्यांतच आढळला. एकदा पुनरावृत्ती फसली म्हणजे मूळ निष्कर्ष खोटाच, असे नव्हे. पण त्यावर किती भार टाकावा, हा प्रश्न मात्र उभा राहतो. म्हणूनच गृहीतक व विश्लेषणाची रीत आधी नोंदवून ठेवणे, मूळ आकडेवारी खुली करणे आणि नकारात्मक निष्कर्षही छापणे, हे उपाय आता रुजू पाहत आहेत.

साहित्याच्या अभ्यासकांना हे परके वाटू नये. प्राचीन ग्रंथाचा साक्षेपी संपादक आपण स्वीकारलेल्या पाठाखाली नाकारलेले पाठभेदही देतो, ते वाचकाला आपला निर्णय तपासता यावा म्हणून. ज्या निष्कर्षाला अशी तळटीप नाही, तो कितीही विद्वत्तापूर्ण असला तरी आम्ही तो जपूनच घ्यावा.