उलाळ गाडी आणि रडणारे मूल

पहिले महायुद्ध नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबले आणि हिशेबाला सुरुवात झाली. कोण कोणाचे किती देणे लागतो, हा प्रश्न पुढे चौदा वर्षे युरोपच्या मानगुटीवर बसून होता. इतिहासाच्या पुस्तकांतले त्याचे आकडे परीक्षेपुरते पाठ होतात आणि विसरले जातात. त्या काळच्या व्यंगचित्रकारांनी मात्र हाच रुक्ष हिशेब असा काही रेखाटला की, एकदा पाहिलेले चित्र मनातून जात नाही.

मे १९१९ मध्ये तहाच्या अटी जर्मनीच्या हाती पडल्या. त्याच महिन्यात लंडनच्या 'डेली हेरल्ड'मध्ये विल डायसन या मूळच्या ऑस्ट्रेलियन चित्रकाराचे चित्र आले. विल्सन, लॉईड जॉर्ज, ऑर्लँडो आणि क्लेमान्सो परिषदेतून बाहेर पडत आहेत. क्लेमान्सो थबकून म्हणतात, कुठे मूल रडल्यासारखे वाटते! खांबाआड खरोखरच एक उघडेवाघडे मूल रडते आहे. त्याच्या डोक्यावर शब्द आहेत, '१९४० ची तुकडी', म्हणजे त्या वर्षी सैन्यभरतीच्या वयाला येणारी पिढी. १९४० साली दुसरे महायुद्ध पेटलेले होते आणि जूनमध्ये पॅरिस पडले. डायसन काही ज्योतिषी नव्हता. अपमान आणि कर्ज यांवर व्याज चढते, एवढे त्याला कळत होते.

दुसरे चित्र जानेवारी १९२१ चे, लंडनच्या 'स्टार'मधले. चित्रकार न्यूझीलंडचा डेव्हिड लो. जर्मनीरूपी घोडा युद्धभरपाईच्या गाडीला जुंपला आहे. पण मागे ओझे इतके की गाडी उलाळ झाली आहे आणि घोडा हवेत लोंबकळतो आहे. लॉईड जॉर्ज आणि फ्रान्सचे ब्रियाँ विचारात पडले आहेत की, याचे पाय जमिनीला टेकू दिले तर हा जरा बरा चालेल काय! गाडीवानाला जे एका नजरेत समजते, ते मुत्सद्द्यांना समजत नव्हते. त्याच वर्षी मे महिन्यात मागणीचा आकडा ठरला, १३२ अब्ज सुवर्णमार्क.

पुढची कथा तर याहून विनोदी. १९२४ च्या डॉझ योजनेनंतर अमेरिकेने जर्मनीला कर्ज द्यायचे, जर्मनीने त्यातून इंग्लंड-फ्रान्सची भरपाई करायची आणि त्यांनी त्यातून अमेरिकेचे युद्धकर्ज फेडायचे, असे चक्र फिरू लागले. १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि चक्र अडखळले. १९३१ मध्ये हूव्हर यांनी वर्षभराची तहकुबी दिली आणि १९३२ च्या लोझान परिषदेत भरपाई जवळजवळ सोडूनच देण्यात आली.

पण याच विषयावरची आणखी एक चित्रमालिका विसरता कामा नये. १९२९ मध्ये आलेल्या यंग योजनेत भरपाईचे हप्ते १९८८ पर्यंत चालणार होते. त्याविरुद्ध जर्मनीतील राष्ट्रवाद्यांनी आणि नाझींनी भित्तिचित्रे लावली : तिसऱ्या पिढीपर्यंत तुम्हाला वेठबिगारी करावी लागेल! तक्रार सर्वस्वी खोटी नव्हती. पण 'डेर श्टुर्मर'सारख्या पत्रांतली चित्रे याच दुःखाचे खापर ज्यू शेजाऱ्यांच्या माथी फोडत होती. तिचे पर्यवसान काय झाले, ते जगाने पाहिले.

दोन्हींकडे शाई तीच, विषयही तोच. फरक एवढाच की डायसन आणि लो यांनी आपल्याच पंतप्रधानाला हास्यास्पद ठरवले, जिंकलेल्यांना जाब विचारला. त्या दुसऱ्या चित्रांनी दुबळ्या शेजाऱ्याकडे बोट दाखवले. व्यंगचित्राचा कस येथे लागतो. टोक आपल्या माणसांकडे वळवण्याचे धैर्य त्यात आहे काय? सरहद्दीवर, दोन भाषांच्या शेजारात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी जुन्या येण्यादेण्यावरचे कोणतेही चित्र पाहून हसण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारावा.

त्या काळच्या कर्जरोख्यांवरील व्याजाचा अखेरचा हप्ता जर्मनीने ३ ऑक्टोबर २०१० रोजी चुकता केला. पैशाचे खाते बंद व्हायला ब्याण्णव वर्षे लागली. खांबाआडच्या त्या मुलाने मात्र आपला हप्ता कितीतरी आधी भरला होता.