पुंज मापन आणि जाणीव
पुंजयामिकीत मापन नेमके कोठे पूर्ण होते आणि त्यासाठी निरीक्षकाची जाणीव आवश्यक आहे काय, हा विसाव्या शतकातील भौतिकीचा एक वादग्रस्त प्रश्न आहे. इलेक्ट्रॉनाच्या अवस्थेचे वर्णन करणारे तरंग फलन श्रोडिंगर समीकरणानुसार अखंडपणे बदलते व त्यात अनेक शक्यता एकत्र नांदतात. मापनात मात्र एकच शक्यता प्रत्ययास येते. हे संक्रमण समीकरणातून निष्पन्न होत नाही.

योहान फोन नॉयमान (१९०३–५७) यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात या प्रश्नाला काटेकोर गणितीय रूप दिले. तापमापकाने तापमान मोजताना निरीक्ष्य व निरीक्षक यांतील सीमा पाऱ्यापाशी, डोळ्याच्या जालपटलापाशी किंवा थेट मेंदूत मानली, तरी निष्कर्ष बदलत नाही, असे त्यांनी दाखविले. जाणिवेमुळेच हे संक्रमण घडते, असे त्यांनी स्पष्टपणे म्हटलेले नाही. लोकप्रिय लेखनात मात्र हे मत त्यांच्या नावावर सर्रास खपविले जाते. फ्रिट्स लंडन व एदमाँ बोएर यांनी १९३९ मध्ये निरीक्षकाच्या आत्मनिरीक्षणास महत्त्व दिले.

या विचाराची सर्वांत ठाम मांडणी यूजीन विग्नर (१९०२–९५) यांनी १९६१ मध्ये केली. बंद प्रयोगशाळेतील मित्राला प्रकाशाचा लखलखाट दिसला की नाही, हे बाहेरच्या व्यक्तीस ठाऊक नसते. समीकरण तंतोतंत लावल्यास तो मित्रच ‘दिसला’ व ‘दिसला नाही’ अशा दोन्ही अवस्थांच्या मिश्रणात आहे असे मानावे लागते. सजाण माणसाविषयी असे म्हणणे विग्नर यांना हास्यास्पद वाटले. म्हणून जाणीव असलेल्या जीवांना हे समीकरण जसेच्या तसे लागू पडत नसावे, असे अनुमान त्यांनी काढले. भौतिकीच्या मूलभूत नियमात मनाला स्थान देणारे हे अनुमान साधे नव्हते.

हाइन्झ-डीटर त्से यांनी १९७० मध्ये दाखविले की, मोठी वस्तू परिसरापासून कधीच पूर्णपणे अलग नसते. हवेचे रेणू व प्रकाश यांच्याशी येणाऱ्या संबंधामुळे निरनिराळ्या शक्यतांमधील व्यतिकरण अत्यल्प काळात दिसेनासे होते. त्यासाठी कोणी पाहत असण्याची गरज नसते. या विचाराच्या प्रभावाने विग्नर यांनी पुढे स्वतःचेच मत सोडून दिले. सेर्झ आरोश व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये पॅरिस येथे पोकळीतील सूक्ष्मतरंग क्षेत्रावर हा ऱ्हास टप्प्याटप्प्याने मोजला.

तथापि अनेक शक्यतांतून एकच का प्रत्ययास येते, हे एवढ्याने उलगडत नाही. ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये सर्वच शक्यता वास्तव मानल्या. गिरार्दी, रिमिनी व वेबर यांनी १९८६ मध्ये श्रोडिंगर समीकरणातच बदल सुचविला. या बदलाचे परिणाम मोजता येण्याजोगे असल्याने त्याची प्रायोगिक कसोटी घेतली जात आहे. जाणिवेच्या गृहीतकाला असा निश्चित प्रायोगिक आधार आजवर लाभलेला नाही.