निर्जन बेटावरील प्रेमकथा

पिंप्राळ्यासारख्या समुद्रापासून दूर असलेल्या खानदेशी गांवीं निर्जन बेट भेटतें तें गोष्टींतूनच. परंतु अशा बेटांवरील प्रेमकथांपैकीं एक जुनी कथा जेथें घडते, तें मॉरिशस मराठी माणसाला अगदींच परकें नाहीं. एकोणिसाव्या शतकांत कोंकणांतील मराठी मजूर तेथील उसाच्या मळ्यांवर गेले. त्यांचे वंशज आजही तेथें आहेत.

फ्रेंच लेखक बर्नार्दँ द सँ-पिएर यानें १७८८ सालीं ‘पॉल आणि व्हर्जिनी’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. १७४४ सालीं मॉरिशसच्या किनाऱ्याजवळ एक जहाज खरोखरच फुटलें होतें. त्याचा आधार त्यानें घेतला. बेटावर एकत्र वाढलेल्या या दोघांची ताटातूट होते. व्हर्जिनी परत येत असतां किनाऱ्याशींच तिचें जहाज फुटतें. वस्त्रें उतरून जीव वाचविण्याची विनवणी एक खलाशी करतो. ती नाकारते व पॉलच्या डोळ्यांदेखत बुडते.

पुढें १९०८ सालीं स्टॅकपूल या लेखकानें ‘द ब्लू लगून’ लिहिली. नात्यांतलीं दोन मुलें पॅसिफिकमधील बेटावर अडकतात; सोबतचा वृद्ध खलाशी मरतो आणि लज्जा म्हणजे काय हें सांगणारें कोणी उरत नाहीं. या कथेवर १९२३, १९४९ व १९८० सालीं चित्रपट निघाले. पैकीं तिसरा, रँडल क्लायझर यांनीं फिजी बेटांत चित्रित केलेला, वादग्रस्त ठरला. नायिका ब्रुक शील्ड्स त्या वेळीं अवघी चौदा वर्षांची होती. विवस्त्र दृश्यें प्रौढ स्त्रीनें केलीं, असें तिनें अमेरिकन काँग्रेसच्या चौकशींत सांगितलें. तथापि पडद्यावर पाहणाऱ्याला ती मुलगीच दिसावी, हाच त्या योजनेचा हेतु होता. कथेंतील बेट निर्जन होतें, चित्रीकरणाचें नव्हतें. तेथें कॅमेऱ्याभोंवतीं जाणतीं माणसें उभीं होतीं.

मुंबईंतही १९८४ सालीं उमेश मेहरा यांनीं ‘तेरी बाहों में’ हा त्याच धर्तीचा हिंदी चित्रपट काढला. त्याचा नायक मोहनीश बहल हा नूतन यांचा पुत्र व शोभना समर्थ यांचा नातू. शोभनाबाईंनीं १९४३ च्या ‘रामराज्य’ चित्रपटांत सीता साकारली होती. त्या सीतेलाही वनांत जावें लागतें. पण तेथें वाल्मीकींचा आश्रम असतो, तिला सांभाळणारीं माणसें असतात.

व्हर्जिनी व एमेलिन या कल्पनेंतील मुली. त्यांच्या लज्जेविषयीं लेखकांनीं काय तें ठरवावें. कॅमेऱ्यापुढील मुलगी मात्र खरी असते. भारतांत २०१२ च्या बाल-लैंगिक अत्याचार-प्रतिबंधक कायद्यानें अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानलें आहे. तिच्या रक्षणाची जबाबदारी कथेंतल्या बेटावर टाकतां येत नाहीं. ती कॅमेऱ्यामागें उभ्या असलेल्यांचीच आहे.