धातू-अब्जांश उत्प्रेरक (हायड्रोजननिर्मिती)

इथेनॉल, बायोगॅस किंवा पाणी यांपासून हायड्रोजन मिळवण्याची विक्रिया जलद घडवून आणणारे धातूंचे अतिसूक्ष्म कण. ते बहुधा काही नॅनोमीटर व्यासाचे असून ॲल्युमिनासारख्या सच्छिद्र आधारद्रव्यावर पसरलेले असतात. विक्रिया पृष्ठभागावर घडते. 5 नॅनोमीटरच्या कणात साधारण एक-पंचमांश अणू पृष्ठभागावर असल्याने थोडा धातू पुरतो. मात्र कण जितका लहान तितका अस्थिर. म्हणून टिकाऊपणा हा रचनेतील कळीचा प्रश्न ठरतो.

ऱ्हासाची कारणे : निकेल 1455° से.ला वितळते; पण निरपेक्ष मापनातील वितळबिंदूच्या निम्म्याला, म्हणजे सुमारे 590° से.ला, त्याचे अणू सहज सरकू लागतात. वाफेने मिथेनचे रूपांतरण सहसा 700° से.च्या वर होते. तेथे लहान कण एकमेकांत मिसळतात किंवा त्यांचे अणू मोठ्या कणांकडे जातात (ओस्टवाल्ट परिपक्वन). याशिवाय कार्बनचा थर कण झाकतो आणि गंधक पृष्ठभागाला घट्ट चिकटून त्याला निष्क्रिय करते.

उपाय : कणाभोवती सच्छिद्र ऑक्साइडचे कवच देणे, निकेलमध्ये अल्प कथिल मिसळून कार्बन साचणे रोखणे, कण झिओलाइटच्या पोकळीत कोंडणे. पेरोव्हस्काइट ऑक्साइडमध्ये विरघळलेला धातू हायड्रोजनच्या वातावरणात तापवून पृष्ठभागावर आणल्यास कण आधारात रुतून बसतात व सहजी सरकत नाहीत.

ऊसपट्ट्यातील संदर्भ : भीमेकाठचा सोलापूर जिल्हा आणि कलबुर्गी जिल्ह्यातील अफजलपूर तालुका यांसारख्या ऊसपट्ट्यांत मळीपासूनचे इथेनॉल आणि आसवनीच्या सांडपाण्यापासूनचा बायोगॅस हे संभाव्य कच्चे माल होत. पूर्ण रूपांतरणात इथेनॉलचा एक रेणू व पाण्याचे तीन रेणू यांपासून हायड्रोजनचे सहा रेणू मिळतात. आम्लधर्मी ॲल्युमिनावर इथेनॉलपासून एथिलीन बनून काजळी धरते. त्यामुळे मॅग्नेशियम, सिरियम वा लँथॅनम यांच्या ऑक्साइडांचा आधार घेतात. सांडपाण्यातील सल्फेटांमुळे बायोगॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड येतो. तो आधी काढला नाही, तर उत्तम रचनेचा उत्प्रेरकही लवकर निकामी होतो.

पाण्याचे विद्युत अपघटन : प्रोटॉन-विनिमय पटलाच्या यंत्रात ऋणाग्रावर प्लॅटिनम, तर धनाग्रावर इरिडियम ऑक्साइड वापरतात. इरिडियम अतिदुर्मिळ असून ते हळूहळू विरघळते. अल्कधर्मी यंत्रांत निकेल चालते.

भारतातील स्थिती : राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला जानेवारी 2023 मध्ये मंजुरी मिळाली, 2030 पर्यंत वर्षाला किमान 50 लाख टन उत्पादनक्षमतेचे उद्दिष्ट आहे. शासकीय व्याख्येत जैवभारापासूनचा हायड्रोजनही बसतो. मात्र किलोमागे उत्सर्जन 2 किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइडतुल्यापेक्षा अधिक नसावे. उत्प्रेरणावर पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (स्थापना 1950) आणि मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था येथे संशोधन चालते.