पहिल्या धारेचं काय झालं?

क्राफ्ट बिअरच्या चाहत्यांची एक ठरलेली तक्रार असते. छोटी ब्रुअरी मोठ्या कंपनीने विकत घेतली की वर्षा-दोन वर्षांत लोक म्हणायला लागतात, "आता ती चव राहिली नाही." नेहमी दिलं जाणारं उदाहरण म्हणजे शिकागोची गूज आयलंड. २०११ मध्ये ती अनहायझर-बुशने ३ कोटी ८८ लाख डॉलरला घेतली. तिच्या '३१२' नावाच्या बिअरमधला आकडा शिकागोचा टेलिफोन कोड आहे. विक्रीनंतर ही बिअर न्यूयॉर्क राज्यातल्या मोठ्या कारखान्यात बनू लागली. नाव शिकागोचं, पाणी आणि टाक्या दुसरीकडच्या.

आपल्याकडे क्राफ्ट बिअरचा इतिहास फार छोटा आहे. देशातली पहिली मायक्रोब्रुअरी, 'डूलाली', पुण्यात २००९ मध्ये सुरू झाली. त्यामुळे हा प्रश्न आपल्यासाठी नवा आहे असं वाटू शकतं. पण एका स्थानिक पेयाचं उत्पादन छोट्या हातांतून काढून मोठ्या कारखान्याकडे देणं आणि मग चव, कच्चा माल, ओळख सगळं बदलणं, हे आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वीच सुरू झालं. ते पेय म्हणजे मोहाची दारू. आणि तिथे कंपनीने काही विकत घेतलं नव्हतं. सरकारने कायदा केला होता.

(पुढचं वाचण्याआधी एक गोष्ट. हा लेख दारूची जाहिरात नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरं विदर्भात सगळ्यांनीच पाहिली आहेत. प्रश्न इतिहासाचा आहे: गुणवत्ता घसरते म्हणजे नेमकं काय होतं?)

आधी थोडं विज्ञान

मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. फूल म्हणजे मांसल, गोड पाकळ्या. सुकवल्यावर वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. ही फुलं मडक्यात भिजत घातली की काही दिवसांत यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं. या आंबवणाला सडवा म्हणतात. मग भट्टी: खाली सडव्याचं भांडं, वर झाकण म्हणून दुसरं, मधून निघालेली नळी, आणि वाफ थंड होऊन जिथे थेंब पडतात ते भांडं.

अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० ला. म्हणून सुरुवातीच्या धारेत अल्कोहोल सगळ्यात जास्त, नंतर पाणी वाढत जातं. 'पहिल्या धारेची' हा शब्दप्रयोग आपण आज कशालाही वापरतो, तो इथून आला. पण पहिल्या धारेत उग्र वासाचे, लवकर उडणारे घटकही असतात. कुठली धार ठेवायची, कुठली काढून टाकायची आणि कुठे थांबायचं, हे भट्टी लावणारा नाकाने आणि जिभेने ठरवतो. अल्कोहोलसोबत फुलाचा वास आणि आंबवताना तयार झालेली एस्टरंही वाफेबरोबर येतात. चव म्हणजे हीच अशुद्धता.

याच्या उलट टोकाला कॉलम स्टिल. १८३० मध्ये एनियस कॉफी याने त्याचं पेटंट घेतलं. हा गृहस्थ आधी आयर्लंडमध्ये अबकारी अधिकारी होता, हे मला फार बोलकं वाटतं. या उभ्या स्तंभातून एकाच फेरीत ९५ टक्क्यांच्या आसपास शुद्ध अल्कोहोल मिळतं. इतक्या शुद्धतेला कच्चा माल मोह होता, गूळ होता की बटाटा, हे जिभेला जवळपास कळत नाही.

कर कशावर?

आता इतिहास. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला. चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याने आखलेल्या धोरणाचा गाभा असा: गावोगावच्या भट्ट्या बंद, उत्पादन मध्यवर्ती डिस्टिलरीत, पुरवठ्याचा मक्ता मोठ्या ठेकेदाराकडे. ठाणे-कुलाबा भागासाठी उरणच्या डिस्टिलऱ्यांचं महत्त्व वाढलं. पण घरामागे मोहाचं झाड असेल तर माणूस दुकानातून महाग दारू का घेईल? म्हणून १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाचा कायदा झाला आणि फुलं बाळगण्या-नेण्यावरच बंधनं आली. फूल हे टंचाईतलं अन्न आहे, गुराढोरांचा चारा आहे, हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला होता. आणि उरणला मोह लागायचाच. तो पंचमहालातून यायचा.

खापा तेव्हा मध्य प्रांतात होतं, म्हणून इथली गोष्ट थोडी वेगळी आहे. कन्हान नदीकाठचं हे विणकरांचं गाव. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याचं मोहाचं जंगल आणि पुढे सौंसर-छिंदवाडा. मध्य प्रांतात बराच काळ दोन पद्धती शेजारी-शेजारी चालल्या. एकीत एखाद्या भागातल्या भट्टीचा आणि दुकानाचा हक्क लिलावाने दिला जाई. दुसरीत सरकारी आवारात दारू गाळून गॅलनमागे कर भरावा लागे. १९०५-०६ च्या भारतीय अबकारी समितीने तिसरी पद्धत पुढे रेटली: ठराविक डिस्टिलरीने ठराविक भागाला पुरवठा करायचा, दुकानदाराने फक्त विकायचं. पिढ्यान्‌पिढ्या दारू गाळणारा कलार समाज यातून गाळणारा न राहता विकणारा झाला. १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रसेल आणि हिरालाल यांच्या ग्रंथात कलारांवर स्वतंत्र प्रकरण आहे.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा बदल कराच्या मोजमापात होता. नव्या पद्धतीत कर 'प्रूफ गॅलन'वर, म्हणजे अल्कोहोलच्या प्रमाणावर बसला. हायड्रोमीटर बुडवला की अल्कोहोल कळतं. फुलाचा वास कळत नाही. सरकारला जे मोजता येतं त्यावरच पैसे मिळतात आणि कारखानाही तेच बनवायला शिकतो. चव वाईट व्हावी असं कुणी ठरवलं नव्हतं. ती हिशेबात कुठे नव्हतीच.

कापडाशी तुलना

खाप्यातल्या विणकरांचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. मिलच्या कापडाने हातमागाला फार मोठा फटका दिला, पण हातमाग बेकायदा झाला नाही. गिऱ्हाइकाला दोन्ही कापडं हातात घेऊन बघता येत होती. म्हणून चांगलं, नक्षीदार, टिकाऊ काम करणाऱ्याला थोडी तरी जागा उरली. दारूत ती जागाच राहिली नाही. घरची दारू गुन्हा ठरल्यावर ती लपूनछपून, घाईत, रात्री गाळावी लागली. नीट आंबायला वेळ द्यायचा तर पकडलं जायची भीती. म्हणजे कारखान्याची दारू बेचव झाली आणि हातची दारूही बिघडली. क्राफ्ट बिअरच्या वादात हा दुसरा भाग नसतो, कारण गूज आयलंड आवडेनाशी झाली तर शेजारची दुसरी ब्रुअरी उघडी असते.

मोह गेला, मळी आली

मध्य प्रांतातल्या डिस्टिलऱ्या बराच काळ मोहच वापरत होत्या. पुढे साखर कारखाने वाढले. १९३२ मध्ये साखर उद्योगाला संरक्षण मिळालं, १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम सुरू झाला, आणि मळीची रेलचेल झाली. मळी स्वस्त, वर्षभर मिळणारी, एकाच जागी साठणारी. मोह वर्षातून काही आठवडे, तोही जंगलात विखुरलेला. आज परवानाधारक 'देशी' म्हणजे मुख्यतः मळीपासूनचं शुद्ध केलेलं अल्कोहोल, पाणी आणि वास. आपल्याकडे तो वास बहुतेकदा 'संत्रा'. संत्र्याच्या नागपुरात संत्रं नसलेली संत्रा विकली जाते.

सीमेच्या दोन बाजू

विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि नंतर मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा इथेही लागू झाला. मध्य प्रदेशात मात्र मध्य प्रांताचाच १९१५ चा अबकारी कायदा नाव बदलून चालू आहे आणि तिथे आदिवासींना घरगुती वापरापुरती मोहाची दारू गाळायला सवलत आहे. म्हणजे खाप्याहून उत्तरेला सौंसरकडे गेलं की तेच फूल, तेच मडकं, पण एका बाजूला रिवाज आणि दुसऱ्या बाजूला गुन्हा.

गोंडांमध्ये जन्म, लग्न, मरण, देवाची पूजा, या सगळ्यांत मोहाला जागा आहे. संत्र्याच्या बाटलीने ती जागा भरत नाही. 'गावठी' हा शब्द आज आपण विषारीच्या अर्थाने वापरतो, पण २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसं मेली ती मिथेनॉलने. फुलं आंबवून त्या प्रमाणात मिथेनॉल तयार होत नाही. ते रसायन म्हणून बाहेरून आणून मिसळलं जातं.

मग आता?

महाराष्ट्राने २०२१ मध्ये मोहफुलं गोळा करण्या-साठवण्यावरची बंधनं सैल केली. मध्य प्रदेश मोहाची दारू 'हेरिटेज' म्हणून विकू पाहतो आहे. ऐकायला छान आहे, पण मोठ्या कारखान्याने मोहाचं लेबल लावलं की गोष्ट परत १९०६ वर येऊन थांबते: फूल गोळा करणारी बाई मजूर, गाळणारा दुसराच, नफा तिसऱ्याचा.

माझ्या मते बघायची गोष्ट एकच आहे: चव ठरवणारं माणूस कोण? पेसा कायद्याने (१९९६) अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी दिली आहे आणि मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा नियमन करण्याचा अधिकारही. गडचिरोलीतल्या कितीतरी गावांनी त्यातला बंदीचा अर्धा भाग हिमतीने वापरला, बायकांनी पुढे होऊन वापरला, आणि तो त्यांचा निर्णय आहे. उरलेला अर्धा, म्हणजे स्वतःच्या अटींवर नियमन, क्वचितच कुणाच्या हाती पडला आहे. दोन्ही निर्णय गावाचेच असायला हवेत. १८७८ पासून नेमकं तेवढंच कुणी होऊ दिलेलं नाही.