गोणी ते पॅनियर : मोटारसायकलवर ओझे बांधण्याचा इतिहास

१/१६
दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आम्ही चौघे दोन मोटारसायकलींवरून पुण्याहून रायगडाकडे निघालो होतो. ताम्हिणी घाट उतरून सपाटीवर आलो आणि पुढची गाडी एकाएकी आडवी झाली. मागे बांधलेल्या पिशवीच्या पट्ट्याचे सुटे टोक मागच्या चाकात गुंडाळले गेले होते आणि चाक जागच्या जागी अडकले होते. वेग बेताचा होता, म्हणून मैत्रिणीच्या मनगटाच्या हाडावर निभावले. मित्रहो, आजचा धागा त्या पट्ट्याविषयी आहे. थोडा लांब आहे; सवडीने वाचावा.

२/१६
मदतीला थांबलेल्या टेम्पोत धान्याची पोती होती. त्यावरच्या वयस्क हमालबाबांनी आमचे सामान पुन्हा बांधून दिले. लवचीक दोर त्यांनी बाजूला टाकला आणि साधी सुतळी मागवली. दोन्ही पिशव्या हातात धरून तोलल्या, एकीतला स्टोव्ह काढून दुसरीत घातला आणि म्हणाले, “ताई, आधी दोन्ही बाजू तोलून घ्या, मग आवळा. आवळून काही तोल येत नसतो.” हे वाक्य मनातून जाईना. ही विद्या कोठून आली असावी, या कुतूहलाने मी जुनी प्रवासवर्णने नव्याने वाचू लागले.

३/१६
वाचताना एक गोष्ट ध्यानी आली. प्रवासी घाटांचे वर्णन करतो, नद्यांचे करतो, माणसांचे करतो. गाठीचे करत नाही. दोरी तुटली, ओझे कलंडले, जनावर लंगडले, तरच दोरी कागदावर येते. नीट बांधलेल्या ओझ्याची नोंद कोणी ठेवत नाही. शिवाय ज्यांच्या हातांत ही कला होती ते लमाण, तेली, हमाल आणि खेचरवाले लिहिणाऱ्यांच्या वर्गातले नव्हते. म्हणून हा इतिहास बहुतांशी अपघातांच्या नोंदींतून आणि भाषेत उरलेल्या शब्दांतून जुळवावा लागतो.

४/१६
आरंभ ‘गोणी’ या शब्दापासून करू. हा शब्द इतका जुना आहे की पाणिनीच्या अष्टाध्यायीत त्याची सिद्धी सांगितली आहे, आणि तीही ‘आवपन’, म्हणजे धान्य भरण्याचे साधन, या अर्थाने. पुढे हाच शब्द व्यापाऱ्यांच्या तोंडून इंग्रजीत गेला आणि तागाच्या पोत्याला तेथे ‘गनी’ म्हणू लागले. बैलाच्या पाठीवर गोणी टाकली जाई ती दोन्ही अंगांना सारखी लोंबेल अशी. ओझे जागेवर राही ते मुख्यतः त्याच्या समतोलामुळे. दोरीकडे केवळ राखणदारीचे काम असे.

५/१६
सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने धान्य आणि मीठ वाहणारे दहा-बारा हजार बैलांचे तांडे वर्णिले आहेत. पुढे १८०३ च्या दख्खन मोहिमेत आर्थर वेलस्लीच्या फौजेचे पोटही मोठ्या प्रमाणावर अशाच तांड्यांच्या धान्यावर अवलंबून होते. एवढ्या बैलांवर रोज सकाळी ओझे चढवायचे आणि मुक्कामी उतरवायचे, म्हणजे बांधणी झटपट, एकसारखी आणि चुकीला वाव न देणारीच असली पाहिजे. एका बैलाची गोणी घसरली तर अरुंद घाटात मागची सारी रांग खोळंबणार!

६/१६
घोड्याची परिभाषाही आपल्याकडे संपन्न आहे. पाठीवर खोगीर, ते पोटाखालून आवळणारा ‘तंग’ आणि दोन्ही बाजूंना कप्पे असलेली ‘पडशी’. पडशी माणसाच्या खांद्यावरही चाले आणि जनावराच्या पाठीवरही. खोगिरात चिंध्या, लोकर असे मिळेल ते भरत, त्यावरून ‘खोगीरभरती’ हा शब्द निरुपयोगी भरण्याला रूढ झाला. मूळची खोगीरभरती मात्र निरुपयोगी नव्हती. ती नसती तर ओझ्याचा काच थेट जनावराच्या पाठीला लागून जखम झाली असती. ओझे आणि वाहक यांच्यामध्ये काहीतरी मऊ हवे, हे त्यामागचे शहाणपण.

७/१६
आता युरोपकडे वळू. आज आपण मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंच्या पेट्यांना ‘पॅनियर’ म्हणतो. त्याचे मूळ लॅटिनमधील ‘पानिस’, म्हणजे पाव, या शब्दात आहे. पॅनियर म्हणजे मुळात पावाची टोपली. पुढे गाढवाच्या वा खेचराच्या दोन्ही अंगांना लटकणाऱ्या टोपल्या. म्हणजे गोणी, पडशी आणि पॅनियर ही एकाच कल्पनेची तीन नावे आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारसायकल रस्त्यावर आली, तेव्हा ही कल्पना तिला वारशाने मिळायला हवी होती. मिळाला तो दुसराच वारसा.

८/१६
मोटारसायकल जन्मली सायकलच्या घरात, आणि सायकलकडून तिने मागच्या चाकावरचा कॅरियर घेतला. तो सोयीचा खरा, पण त्याची जागा दुहेरी अडचणीची. एक तर तो उंच. दुसरे म्हणजे त्याचा मागचा भाग चाकाच्या आसाच्याही पलीकडे जातो. आसाच्या मागे ठेवलेले वजन तरफेसारखे काम करते : मागचे चाक दाबते आणि पुढचे हलके करते. पुढचे चाक हलके झाले की हँडल वळवूनही गाडी हवी तशी वळत नाही. बैलाच्या शेपटीवर कोणी गोणी टाकत नाही. मोटारसायकलवर मात्र आपण नेमके तेच करू लागलो.

९/१६
पहिल्या पिढीच्या दूरप्रवाशांनी यावर आपापले तोडगे काढले. रॉबर्ट फुल्टन हा अमेरिकन तरुण १९३२ मध्ये लंडनहून डग्लस मोटारसायकलवर निघाला आणि हिंदुस्थानातूनही प्रवास करत सुमारे १७ महिन्यांनी, १९३३ च्या नाताळाच्या सुमारास, न्यूयॉर्कला पोहोचला. त्याच्यापाशी चलच्चित्राचा कॅमेरा होता, फिल्म होती आणि एक पिस्तूलही होते. ते त्याने इंजिन आणि त्याखालचा संरक्षक पत्रा यांच्यामधल्या फटीत लपवले होते. हेतू सीमेवरची झडती चुकवण्याचा. पण जड वस्तूसाठी याहून खालची जागा गाडीवर दुसरी नव्हती!

१०/१६
थेरेसा वॉलॅक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन या दोन ब्रिटिश तरुणींनी डिसेंबर १९३४ मध्ये लंडन सोडले आणि सहारा ओलांडून जुलै १९३५ मध्ये त्या केपटाउनला पोहोचल्या. त्यांची गाडी ६०० सीसीची पँथर. सामानासाठी त्यांनी बाजूला साइडकार आणि मागे दोन चाकांचा ट्रेलर जोडला होता. गाडीच्या पाठीवरचा भार त्यामुळे उतरला, पण भार नाहीसा झाला नव्हता. सहाराच्या वाळूत हा सारा लवाजमा पुन्हा पुन्हा रुते आणि दोघींना तो उपसून काढावा लागे. ओझे कोठे ठेवावे या प्रश्नाआधी ओझे किती घ्यावे हा प्रश्न येतो, तो असा.

११/१६
सर्वांत प्रसिद्ध उदाहरण दक्षिण अमेरिकेतले. जानेवारी १९५२ मध्ये २३ वर्षांचा वैद्यकीय विद्यार्थी अर्नेस्टो गव्हेरा आणि त्याचा मित्र अल्बेर्तो ग्रानादो ५०० सीसीच्या जुन्या नॉर्टनवर अर्जेंटिनातून निघाले. गाडीचे नाव ‘ला पोदेरोसा’, म्हणजे सामर्थ्यवती. दोघे स्वार, त्यावर सामानाचा डोंगर, आणि तोही मागे. गव्हेराने स्वतःच लिहून ठेवले आहे की मागच्या वजनाने पुढचे चाक उचलले जाई आणि लक्ष जरा ढळले की दोघे जमिनीवर येत. तारांनी बांधूनबांधून चालवलेली ती गाडी चिलीत कायमची थकली. पुढचा प्रवास त्यांनी इतरांच्या वाहनांतून केला. पुढे ‘चे’ म्हणून जगाला ठाऊक झालेल्या या तरुणाच्या दैनंदिनीत क्रांतीच्या कितीतरी आधी तरफेचा नियम येतो.

१२/१६
योग्य धडा मिळाला तो सैन्याकडून. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेसाठी सव्वा लाखाहून अधिक बीएसए एम-२० मोटारसायकली तयार झाल्या. त्यांच्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी चौकटी आणि त्यांत कॅनव्हासच्या पिशव्या असत. सैन्याला खेचरांचा दीर्घ अनुभव होता, हे येथे विसरू नये. युद्धानंतर शिल्लक लष्करी सामान बाजारात स्वस्तात आले आणि ब्रिटनमधल्या हौशी प्रवाशांच्या गाड्यांवर त्या पिशव्या दिसू लागल्या. गोणी अखेर चाकावर चढली.

१३/१६
आमच्या अपघाताच्या दिवशी हमालबाबांनी बाजूला टाकलेला तो लवचीक दोर, ज्याला आपण बंजी म्हणतो, तो मात्र विमानांच्या दुनियेतून आला. आरंभीच्या विमानांच्या चाकांना धक्के शोषण्यासाठी रबरी धाग्यांचा असाच दोर गुंडाळत. त्याचे कामच मुळी ताणले जाण्याचे. सामानासाठी हाच गुण दोष ठरतो : प्रत्येक खड्ड्यात ओझे उचलले जाते, किंचित सरकते आणि शंभर खड्ड्यांनंतर भलत्याच जागी पोहोचते. ताणलेला आकडा सुटून डोळ्याला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी नेत्रवैद्यकात आहेत. हलका रेनकोट अडकवायला बंजी ठीक. जड पिशवी तिच्या एकटीच्या भरवशावर सोपवू नये.

१४/१६
१९७० च्या दशकात क्राउझर या जर्मन कंपनीच्या, कुलूप लावून काढता-घालता येणाऱ्या कडक पेट्या युरोपात प्रचलित झाल्या. पण त्या सर्वांना परवडणाऱ्या नव्हत्या. एल्स्पेथ बिअर्ड ही लंडनची वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी १९८२ मध्ये जुन्या बीएमडब्ल्यूवर जगप्रवासाला निघाली. वाटेत पैसे संपले म्हणून सिडनीत काही महिने नोकरी केली आणि तेथे ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून, रिव्हेट मारून स्वतःच्या हातांनी पेट्या घडवल्या. त्या पेट्या घेऊन ती भारतात आली आणि १९८४ च्या अखेरीस घरी परतली. एकट्या प्रवाशाला सामानापासून क्षणभर दूर जाता यावे, ही मोकळीक कुलुपाने दिली.

१५/१६
आपल्याकडे हीच कथा लडाखच्या वाटेवर घडली. १९७४ मध्ये लडाख पर्यटकांना खुले झाले. मनालीहून लेहला जाताना तांडी येथील पंपावरची पाटी कित्येक वर्षे सांगत असे की पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर आहे. म्हणजे टाकीखेरीज पेट्रोलचे कॅन नेणे भागच. दहा लिटर पेट्रोलचे वजन सुमारे साडेसात किलो. ते एकाच बाजूला टांगले तर दिवसभर गाडी एका अंगाला ओढते. त्यातूनच गॅरेजवाल्यांनी दोन्ही बाजूंच्या लोखंडी चौकटी वेल्ड करून दिल्या आणि ‘लडाख कॅरियर’ हे नाव रूढ झाले. त्या कारागिरांची नावे कोणत्याही दफ्तरात सापडणार नाहीत.

१६/१६
तात्पर्य जुन्याच वाटेने येते. जड वस्तू खाली आणि आसाच्या पुढे. दोन्ही बाजू हातात धरून तोललेल्या. आवळायला न ताणणारा पट्टा. त्याचे प्रत्येक सुटे टोक दुमडून बांधलेले. सायलेन्सरपासून पिशवी दूर. आणि पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरनंतर थांबून पुन्हा एकदा तपासणी, कारण ओझे बसले की पट्टे सैल होतात. मैत्रिणीचे मनगट आता बरे आहे. थंडीत तेवढे दुखते. तुमच्या घरात पडशी, खोगीर, गोणीचे पाठाण असे काही शिल्लक असेल, किंवा ते वापरणारे आजोबा असतील, तर त्यांना विचारून गाठ कशी मारत ते लिहून ठेवा आणि छायाचित्रासह येथे जोडा. ही माहिती लिहून ठेवणारे त्या काळी कोणी नव्हते. आज आपण आहोत.